मांजराला सोबत घेऊन परदेशी जाताना या चुका टाळा

शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्यातून परदेशी निघालेल्या अनेक कुटुंबांना घरातले मांजर नातेवाइकांच्या स्वाधीन करून जाणे आता पटत नाही, आणि ते योग्यच आहे. मांजर आकाराने लहान असल्यामुळे काही विमान कंपन्या त्याला प्रवासी कक्षातच, समोरच्या आसनाखाली ठेवलेल्या कॅरिअरमधून नेऊ देतात. ही सोय असल्याचे कळले की काम सोपे वाटू लागते आणि तयारी उशिरा सुरू होते. प्रत्यक्षात बहुतेकांचे अडते ते कागद चुकीच्या क्रमाने तयार झाल्यामुळे. एकदा क्रम चुकला की कितीही पैसे मोजले तरी गेलेले महिने परत मिळत नाहीत, म्हणून या लेखात तारखांना सर्वांत जास्त जागा दिली आहे.

व्हिसा हातात आल्यावर मांजराची तयारी सुरू करणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. रेबीजचा धोका कमी मानून युरोपीय संघाने ज्या देशांची यादी केली आहे, तीत भारताचा समावेश नाही. त्यामुळे भारतातून जाणाऱ्या मांजराला कातडीखाली बसवायची ओळखक्रमांकाची चिप आणि लस यांखेरीज रक्तातील प्रतिपिंडांची तपासणीही, म्हणजे पशुवैद्यक जिला टायटर टेस्ट म्हणतात ती, करावी लागते. आधी मायक्रोचिप बसवायची, त्यानंतर किंवा त्याच दिवशी रेबीजची लस द्यायची, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घ्यायचा आणि नमुना घेतल्याच्या तारखेपासून ३ महिने थांबायचे, असा हा क्रम आहे. लस देताना मांजराचे वय किमान १२ आठवडे असले पाहिजे.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. १ जूनला चिप आणि लस झाली, तर १ जुलैच्या आत रक्त घेता येत नाही, आणि १ जुलैला रक्त घेतले तर १ ऑक्टोबरच्या आत मांजर युरोपीय संघात पाऊल ठेवू शकत नाही. जर्मनीतील विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते, आणि पुण्यातील पुष्कळ विद्यार्थ्यांचा व्हिसा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हाती येतो. तोवर मांजराची वेळ निघून गेलेली असते. माझे स्पष्ट मत असे आहे की, परदेशी जाण्याचा नुसता विचार सुरू झाला तरी चिप, लस आणि टायटर ही तीन कामे उरकून घ्यावीत. पुढे जाणे रद्द झाले तरी त्यात मांजराचे नुकसान काहीच नाही, आणि युरोपीय नियमांनुसार पुढची लस मुदत संपण्याआधी देत राहिल्यास ती टायटर चाचणी पुन्हा करावी लागत नाही.

या शेवटच्या वाक्यातील अट मात्र अनेकजण विसरतात. बूस्टरची, म्हणजे या पुढच्या लसीची, तारीख एका दिवसाने जरी चुकली, तरी ती लस पहिलीच लस मानली जाते आणि सगळा क्रम नव्याने सुरू होतो. दवाखान्यातून येणाऱ्या आठवणीच्या संदेशावर विसंबून न राहता ही तारीख घरच्या कॅलेंडरवर, महिनाभर आधीच्या पानावरही, लिहून ठेवावी.

लस आधी आणि चिप नंतर

पुण्यातील बहुतेक घरांत मांजराच्या लसी वेळेवर झालेल्या असतात, पण चिप नसते. मग प्रवास ठरल्यावर घाईने चिप बसवली जाते आणि जुन्या लसीच्या नोंदीवर काम भागेल असे समजले जाते. चिप बसवण्यापूर्वी दिलेली रेबीजची लस नियमांच्या दृष्टीने ग्राह्य नसते, कारण ती नेमकी याच प्राण्याला दिली होती याचा पुरावा राहत नाही. अशा वेळी चिप बसवून लस पुन्हा द्यावी लागते आणि ३० दिवसांची मोजणी त्या दिवसापासून होते.

चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ अंकी क्रमांकाची असावी. बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर, दोन्ही वेळा स्कॅनर फिरवून क्रमांक वाचायला सांगावे आणि तो पाकिटावरील स्टिकरशी अंकन् अंक ताडून पाहावा. चिप कधीकधी मानेखालून सरकून खांद्याकडे किंवा कुशीकडे जाते. म्हणून ती वाचली गेली नाही तर घाबरून जाऊ नये, संपूर्ण अंगावरून सावकाश स्कॅनर फिरवून घ्यावा. रक्त काढण्याच्या दिवशीही आधी चिप वाचून घ्यावी, कारण प्रयोगशाळेच्या अर्जावर तोच क्रमांक जातो आणि त्यात एका अंकाची चूक झाली तर अहवाल दुसऱ्याच प्राण्याचा ठरतो.

टायटर कमी आले किंवा नमुना नाकारला गेला तर

प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते आणि चाचणी युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच व्हावी लागते. नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबचा अहवाल चालत नाही, मग तो कितीही व्यवस्थित असो. रक्तातून सीरम, म्हणजे पेशी वगळून उरणारा द्रव, वेगळे करून ते थंड ठेवून पाठवले जाते. नळीतील सीरम फिकट पिवळसर दिसण्याऐवजी लालसर दिसत असेल, तर रक्तपेशी फुटलेल्या असतात आणि असा नमुना नाकारला जाण्याची शक्यता असते. नळी सील होण्याआधी डॉक्टरांना ती दाखवण्याची विनंती करण्यात संकोच बाळगू नये.

प्रमाण ०.५ पेक्षा कमी आले, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बूस्टर देऊन नवा नमुना पाठवावा लागतो, आणि ३ महिन्यांची मुदत त्या नव्या नमुन्यापासून मोजली जाते. पहिल्याच लसीनंतर फार उशिरा रक्त घेतल्यास प्रमाण घसरलेले असू शकते, म्हणून ३० दिवस पूर्ण झाले की विनाकारण लांबण लावू नये.

लसीकरणाच्या पुस्तिकेतही बारीक चुका राहतात. लसीच्या बाटलीवरील बॅच क्रमांकाचे स्टिकर, लसीची मुदत, डॉक्टरांची सही, शिक्का आणि राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हे सगळे पानावर असले पाहिजे. तारीख ०५/०४ अशी लिहिली तर अमेरिकेत ती ४ मे अशी वाचली जाते. महिना अक्षरांत लिहून घेतला की हा गोंधळच उरत नाही.

एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशाला लावणे

सोसायटीतील कुणाचे मांजर सहज कॅनडाला गेले, म्हणून आपलेही लंडनला तसेच जाईल, असे नसते. कॅनडात ३ महिन्यांपेक्षा मोठ्या मांजरासाठी रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र पुरते, टायटर लागत नाही. अमेरिकेचे केंद्र सरकार मांजरासाठी रेबीजच्या लसीची अट घालत नाही, तरी अनेक राज्ये घालतात, आणि हवाईचे नियम तर पूर्णपणे वेगळे आहेत. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेला प्राणी आयातीचा अर्ज कुत्र्यांसाठी आहे, मांजरासाठी तो भरण्याची गरज नाही. ब्रिटनमध्ये मात्र कोणत्याही विमान कंपनीच्या प्रवासी कक्षातून मांजर नेता येत नाही. ते कार्गोनेच उतरावे लागते. त्यामुळे काहीजण पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमपर्यंत विमानाने जाऊन तेथून मोटारीने, चॅनल टनेलच्या गाडीतून पुढे जातात. जपानला रक्ताच्या नमुन्यानंतर १८० दिवस थांबावे लागते आणि पोहोचण्याच्या किमान ४० दिवस आधी तेथील अधिकाऱ्यांना कळवावे लागते. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट मांजर नेताच येत नाही.

हे नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरील मजकूर सुरुवातीला एकदा आणि प्रवासाच्या महिन्यात पुन्हा एकदा वाचावा. समाजमाध्यमांवरील गटांतून धीर मिळतो, पण विमानतळावरील अधिकारी त्या गटातील उत्तर ग्राह्य धरत नाही.

आधी तिकीट, मग मांजराची चौकशी

एमिरेट्स, कतार एअरवेज, सिंगापूर एअरलाइन्स आणि ब्रिटिश एअरवेज या कंपन्या पाळीव मांजर प्रवासी कक्षात घेत नाहीत, आणि पुणेकर नेमकी यांतलीच तिकिटे स्वस्त किंवा सोयीची म्हणून आधी काढून बसतात. लुफ्तान्सा, केएलएम, एअर फ्रान्स, टर्किश या कंपन्या घेतात, परंतु एका विमानात मोजक्याच प्राण्यांना जागा असते. म्हणून तिकीट घेण्यापूर्वी फोन करून त्या विमानात जागा आहे का हे विचारावे, तिकीट निघताच मांजराची नोंद करून घ्यावी आणि ती पक्की झाल्याचा ईमेल मागून घ्यावा. फोनवर मिळालेला होकार काउंटरवर कामी येत नाही.

एका कंपनीच्या क्रमांकाने विकले गेलेले विमान प्रत्यक्षात दुसरीच कंपनी चालवत असेल, तर नियम विमान चालवणाऱ्या कंपनीचे लागतात. मधल्या थांब्याचा देश प्राण्यांच्या बाबतीत काय म्हणतो हेही पाहावे लागते. दोन वेगवेगळी तिकिटे जोडून प्रवास करणे मांजरासोबत टाळावेच, कारण पहिले विमान उशिरा पोहोचले तर पुढच्या विमानातील मांजराची जागा कुणीही राखून ठेवत नाही. आपत्कालीन दाराजवळची आणि पुढे भिंत असलेली आसने मिळत नाहीत, आणि बिझनेस वर्गातील काही आसनांखाली कॅरिअरला जागाच नसते.

कॅरिअर मऊ बाजूंचे असावे. लुफ्तान्साची मर्यादा ५५ बाय ४० बाय २३ सेंटिमीटर, तर केएलएम आणि एअर फ्रान्सची ४६ बाय २८ बाय २४ सेंटिमीटर आहे. तिन्हींकडे कॅरिअरसह एकूण वजन ८ किलोंच्या आत असावे लागते. कॅरिअर निवडताना रिकाम्या कॅरिअरचे वजन पाहायचे राहून जाते. साडेसहा किलोंचा बोका आणि पावणेदोन किलोंचे कॅरिअर यांची बेरीज मर्यादेबाहेर जाते, आणि मग विमानतळावर मांजराला विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात पाठवण्याचा आग्रह होऊ शकतो. पुण्यात अनेक घरांत पर्शियन मांजरे आहेत. चपट्या नाकाच्या या मांजरांना त्या कप्प्यातून नेण्यास बऱ्याच कंपन्या नकार देतात, आणि तो नकार त्यांच्या श्वासाच्या दृष्टीने रास्तच आहे.

सरकारी प्रमाणपत्राचे दिवस चुकणे

निर्यातीचे आरोग्य प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या पशु संगरोध व प्रमाणन सेवेकडून मिळते. पुणेकरांसाठी सोयीचे केंद्र मुंबईचे आहे, पुण्यात ते नाही. युरोपीय संघाच्या प्रमाणपत्रावर सरकारी पशुवैद्यकाची सही झाल्यापासून १० दिवसांच्या आत मांजर पहिल्या युरोपीय विमानतळावर पोहोचले पाहिजे. त्यामुळे हे काम लवकर उरकून ठेवता येत नाही आणि शेवटच्या दिवसावरही टाकता येत नाही. गणपती, दिवाळी किंवा लागून आलेल्या सुट्यांच्या आठवड्यात प्रवास असेल, तर कार्यालय कोणत्या दिवशी उघडे आहे याची खात्री करून मगच तिकिटाची तारीख ठरवावी. सगळ्या कागदांच्या प्रती जवळ ठेवाव्यात. मांजराला पुढे भारतात परत आणायचे ठरले तर त्या उपयोगी पडतात.

गुंगीचे औषध

डॉक्टरांना न विचारता मांजराला झोपेची गोळी देणे ही जिवावर बेतणारी चूक आहे. गुंगीच्या काही औषधांनी रक्तदाब आणि शरीराचे तापमान उतरते, आणि गुंगीतला प्राणी घेण्यास विमान कंपनीही नकार देऊ शकते. फार घाबरणाऱ्या मांजरांसाठी पशुवैद्यक गॅबापेंटिनसारखे सौम्य औषध सुचवतात. ते दिले असल्यास प्रवासाच्या काही दिवस आधी घरीच एकदा देऊन परिणाम पाहावा. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कोणत्याही कारणाने देऊ नये, ती त्याच्यासाठी विष आहे.

औषधापेक्षा सवय जास्त उपयोगी पडते. कॅरिअर महिना-दीड महिना आधीपासून बैठकीच्या खोलीत उघडे ठेवावे, त्यात मांजराची रोजची चादर घालावी आणि खाणे तिथेच द्यावे. मग औंध ते पाषाण अशा छोट्या फेऱ्या माराव्यात आणि हळूहळू त्या वाढवाव्यात.

पुण्याहून निघाल्यापासून उतरेपर्यंत

मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर निघतात, म्हणजे पुण्याहून दुपारीच निघावे लागते. शेवटचे पोटभर खाणे निघण्याच्या चार-सहा तास आधी द्यावे. घाटाच्या वळणांत उलटी होण्याचे मुख्य कारण भरलेले पोट असते. पाणी मात्र थोडे थोडे देत राहावे. टॅक्सीचालकाला मांजर सोबत असल्याचे आरक्षण करतानाच सांगावे, आणि फूड मॉलवर थांबल्यावर गाडीची दारे उघडी असताना कॅरिअरची चेन कधीही उघडू नये.

विमानतळावरील सुरक्षा तपासणीत कॅरिअर क्ष-किरण यंत्रातून जाते आणि मांजराला बाहेर काढून हातात धरावे लागते. सर्वाधिक मांजरे हातून निसटण्याची भीती या जागी असते. ट्रेचा खडखडाट, अनोळखी माणसे आणि उघडे दालन यांनी शांत मांजरही अंगावरून उडी घेते. हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, घरीच घट्ट बसवून, त्याची दोरी मनगटाला गुंडाळून ठेवावी. गळ्यातला घुंगरू आधीच काढावा, कारण धातूशोधक यंत्र वाजले की तपासणी लांबते. जवानांना नम्रपणे बंद खोलीत तपासणी करण्याची विनंती करावी.

विमानात कॅरिअरमध्ये शोषक पॅड पुरेसे असते. बहुतेक मांजरे एवढा वेळ लघवी धरून ठेवतात. युरोपीय संघात उतरताना बॅगेत मांजराचे नेहमीचे खाद्य नसावे, कारण मांस वा दूध असलेले खाद्य बाहेरच्या देशांतून प्रवाशांच्या सामानात आणण्यास मनाई आहे. आजारपणामुळे लागणाऱ्या विशेष खाद्याला बंद पाकिटात २ किलोंपर्यंत सूट आहे. बाहेर पडताना सीमाशुल्काच्या लाल मार्गिकेतून जाऊन मांजर असल्याचे स्वतःहून सांगावे.

नव्या घरी मांजराला पहिले काही दिवस एकाच खोलीत, लिटर (शौचासाठीचा वाळूचा ट्रे) आणि लपायला जागा देऊन ठेवावे. त्या दिवसांत त्याच्या खाण्याकडे आणि लघवीकडे लक्ष द्यावे. बोका लिटरमध्ये वारंवार जाऊन कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. दोन दिवस काहीच न खाणाऱ्या मांजराच्या यकृतावर परिणाम होऊ लागतो, विशेषतः ते लठ्ठ असेल तर. म्हणून नव्या गावातील जवळच्या पशुवैद्यकाचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा क्रमांक पुणे सोडण्यापूर्वीच फोनमध्ये साठवलेला असावा.