मुलाखत: समोरच्याच्या कागदावर काय उतरतं?

मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला मी पहिल्यांदा बसले, त्या दिवशी मला एक छापील कागद मिळाला. डावीकडे सात प्रश्न, मधे कोरी जागा, उजवीकडे १ ते ५ गुणांचे रकाने. एचआरच्या मॅडमनी एवढंच बजावलं, "गुण शेवटी द्या. आधी उमेदवार काय बोलला ते लिहा. तुम्हाला काय वाटलं ते नको."

सहा उमेदवार झाले. संध्याकाळी आम्ही तिघं कागद पुढ्यात घेऊन बसलो. दुसऱ्या मुलाशी गप्पा छान रंगल्या होत्या, आत्मविश्वास होता, हसतमुख होता. त्याच्या कागदावर माझ्याच अक्षरात होतं: "हुशार. कष्टाळू. टीमवर्क." बास. चौथी मुलगी सुरुवातीला चांगलीच अडखळली होती. तिच्या कागदावर होतं: "रिजेक्शन आठवड्याला ४० नगांवरून १२ वर. होल सरकत होतं. दोन शिफ्टचे आकडे वेगळे काढले. फिक्स्चरची पिन झिजलेली, स्वतः मोजली." म्हणजे मशीनवर भाग पकडून ठेवणाऱ्या साधनाची, फिक्स्चरची, पिन झिजल्यामुळे भोकं जागेवर पडत नव्हती, हे तिने शोधलं होतं. आमच्या साहेबांनी विचारलं, "हिला का घ्यायचं?" मी कागद वाचून दाखवला. मुलाबद्दल विचारलं तेव्हा मला "चांगला वाटला" याच्यापुढे बोलता येईना. मुलगी लागली.

घरी जाताना मला माझ्या स्वतःच्या पहिल्या पाच मुलाखती आठवल्या. पाचही ठिकाणी मी फार तर "चांगली वाटले" असणार.

मी मशीनिंगच्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते, त्यामुळे माझी उदाहरणं तिथलीच येतील. तुमचं क्षेत्र वेगळं असेल तर उदाहरणं बदलून घ्या.

पहिली मुलाखत सांगते, कारण ती सगळ्यात वाईट झाली. बायोडेटात मी "एसपीसीचा अनुभव" असं ठोकून दिलं होतं. एसपीसी म्हणजे मोजमापाच्या आकड्यांवरून उत्पादनाच्या प्रक्रियेवर लक्ष ठेवायची पद्धत. अनुभव म्हणजे काय, तर सुपरवायझर सांगायचे तसे मी कंट्रोल चार्टवर, म्हणजे मोजलेल्या मापांच्या आलेखावर, दर तासाला ठिपके भरायचे. समोरच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "कंट्रोल लिमिट आणि ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, यांत फरक काय?" मी म्हटलं, साधारण एकच. ते म्हणाले, "बरं. सगळे जॉब (मशीनवर बनणारे भाग) टॉलरन्समध्ये आहेत, पण एक ठिपका कंट्रोल लिमिटच्या बाहेर गेला. काय कराल?" मी म्हटलं, मशीन बंद करीन. त्यांनी भुवई उचलली. मी म्हटलं, नाही, चालू ठेवीन. त्यांनी पेन खाली ठेवलं. पेन खाली ठेवलं जाणं म्हणजे काय हे तेव्हा मला कळत नव्हतं.

तो प्रश्न अवघड नव्हता. टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, ड्रॉइंगवरून येतो; कंट्रोल लिमिट, म्हणजे ठिपके एरवी ज्या पट्ट्यात राहतात त्याची कड, त्या मशीनच्या आपल्याच आकड्यांतून निघते. ठिपका बाहेर गेला म्हणजे जॉब बाद झाला असं नाही, पण प्रक्रियेत काहीतरी बदललंय. टूल झिजलं, मटेरियलचा लॉट बदलला, किंवा मोजण्यातच चूक झाली. बाद जॉब निघायच्या आत ते शोधायचं. हे मला माहीत नव्हतं, आणि बायोडेटात तो शब्द घालून प्रश्न मीच ओढवून घेतला होता. बायोडेटातली प्रत्येक ओळ म्हणजे "मला हे विचारा" असं दिलेलं आमंत्रण असतं. त्या रात्री मी पाच सॉफ्टवेअरची नावं खोडून दोनच ठेवली.

दुसऱ्या मुलाखतीपासून एक सवय लावून घेतली. बाहेर पडल्यावर तासाभराच्या आत, जिथे बसायला जागा मिळेल तिथे, विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवायचे. त्यांच्याच शब्दांत. दुसऱ्या दिवसावर ढकललं की निम्मे उडून जातात आणि उरलेले आपल्याला सोयीचे होऊन बसतात. पाच मुलाखतींनंतर वहीत ४३ प्रश्न होते. एकाच अर्थाचे एकत्र केले तर अकरा उरले! स्वतःविषयी सांगा. इथेच का? आधीचं काम का सोडताय? एखादी चूक सांगा. सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत? काम वेळेत होणार नाही असं दिसलं तेव्हा? आणि असेच काही. कामाचे तांत्रिक प्रश्न याच्या बाहेरचे, पण ते बहुतेक जाहिरातीतूनच निघाले होते. जाहिरात वाचताना पेन्सिल घेऊन बसा. त्यातल्या प्रत्येक अपेक्षेसमोर आपला एक प्रसंग लिहा. जिथे काहीच लिहिता येत नाही, तिथे काय उत्तर द्यायचं ते आधीच ठरवा. त्या रिकाम्या जागेवर बोट पडणारच.

"असा प्रसंग सांगा जेव्हा..." या धर्तीचे प्रश्न हल्ली इतके का, याला कारण आहे. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, ठरलेल्या निकषांवर गुण, अशा आखीव मुलाखतीतून कोण पुढे काम चांगलं करील याचा अंदाज गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा बरा येतो. १९९८ साली श्मिट आणि हंटर या दोन मानसशास्त्रज्ञांनी उमेदवार निवडण्याच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा गोषवारा काढला, त्यात हा फरक स्पष्ट दिसला होता. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले. त्यात बऱ्याच पद्धतींची किंमत घटली, आखीव मुलाखत मात्र यादीत सगळ्यात वर आली. उलट विमानात किती चेंडू मावतील छापाची कोडी. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅझलो बॉक यांनीच २०१३ मध्ये सांगून टाकलं की ती निव्वळ वेळेचा अपव्यय आहेत. तरी कुणी विचारलंच तर चिडू नका, मोठ्याने आकडेमोड करा आणि पुढे चला.

तर प्रसंग. मी सहा प्रसंग निवडले आणि प्रत्येक एका पानावर लिहिला. एकच प्रसंग दोन-तीन प्रश्नांना चालतो, त्यामुळे सहा पुरतात. लिहिताना लक्षात आलं की मी सगळीकडे "आम्ही" म्हणतेय. आम्ही कारण शोधलं, आम्ही पद्धत बदलली. आपल्याकडे "मी" म्हटलं की मिरवल्यासारखं वाटतं, जीभच वळत नाही. पण समोर लिहिणाऱ्याची पंचाईत होते. "आम्ही" मधलं तुमचं किती, हे त्याला कळत नाही. आता पॅनेलवर असताना मी स्वतःच विचारते, "त्यात तुम्ही काय केलंत?" निम्मे लोक तिथे पहिल्यांदा खरं उत्तर द्यायला लागतात, आणि निम्मे गप्प होतात. श्रेय लाटायचं नाही. "पिन झिजल्याची शंका ऑपरेटरला आली, मोजून खात्री मी केली, नवी पिन टूलरूमने बनवली," असं सांगितलं की कुणाचंच काही हिरावलं जात नाही.

दुसरी दुरुस्ती क्रमाची. मी गोष्ट सुरुवातीपासून सांगायचे: कंपनी कोणती, विभाग कोणता, मशीन किती जुनं. मुद्द्याला येईपर्यंत ऐकणारा घड्याळ बघायचा. मग मी निकाल पुढे आणला. आधी: "माझ्या लाइनवर ग्राहकाकडून तक्रारी येत होत्या, तीन महिन्यांत त्या बंद झाल्या." मग अडचण काय होती, मी काय काय करून पाहिलं, त्यातलं काय फसलं. फसलेलं जरूर सांगा. ज्या गोष्टीत सगळं पहिल्या फटक्यात जमलं, तिच्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

नवखे विचारतात, अनुभवच नाही तर प्रसंग कुठून आणायचे? कॉलेजचा प्रोजेक्ट, प्रशिक्षणाचे महिने, घरच्या धंद्याचा हिशेब, एखाद्या कार्यक्रमाची जबाबदारी, सगळं चालतं. एका मुलाने आम्हाला प्रोजेक्टमधला जोडीदार अर्ध्यात सोडून गेल्यावर काम कसं वाटून घेतलं, ते सांगितलं. चार ओळी भरल्या माझ्या कागदावर.

पाठांतर करू नका आणि नुसतं वाचतही बसू नका. पान मिटायचं आणि आठवून बोलायचं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे: उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते; आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून पाहणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. मुलाखतीच्या आदल्या रात्री उत्तरं वाचून झोपताना "येतंय सगळं" वाटतं ना, ते हेच. मी फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करायचे. पहिलं रेकॉर्डिंग चार मिनिटांचं, त्यात "म्हणजे" तेवीस वेळा. ऐकवेना. पण त्याच्याइतका उपयोग आरशाचाही झाला नाही. मुलाखत ज्या भाषेत होणार त्याच भाषेत बोला. मनात मराठीत जुळवलेलं वाक्य ऐनवेळी इंग्रजीत आणताना दातखीळ बसते.

"स्वतःविषयी सांगा" या प्रश्नाचं उत्तर मी वर्षभर चुकीचं देत होते. नाव, गाव, शिक्षण, छंद. हे सगळं त्यांच्या हातातल्या कागदावर असतं. दीड मिनिटात तीन गोष्टी पुरतात: आत्ता काय करते, त्यात मला चांगलं काय जमतं, आणि ही जागा का हवी. मधली गोष्ट अशी सांगा की पुढचा प्रश्न तिथूनच येईल.

प्रश्न संपला की लगेच तोंड उघडायची घाई माझीही होती. त्याला निमित्त आहे. दहा भाषांतल्या संभाषणांचा २००९ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघालं. म्हणून तीन सेकंद गप्प राहिलं तर आपल्याला युग लोटल्यासारखं वाटतं. टेबलाच्या पलीकडे तेवढ्यात मागच्या उत्तराची शेवटची ओळ लिहून होत असते. "एक मिनिट विचार करून सांगते" म्हणा आणि खरंच विचार करा.

माझ्या सहाव्या मुलाखतीत पुन्हा एसपीसी आलं. यावेळी बायोडेटात "चार्ट भरणे व वाचणे" एवढंच होतं. प्रश्न आला, "कंट्रोल लिमिट काढल्यात कधी?" मी म्हटलं, "नाही, स्वतः काढलेल्या नाहीत. चार्ट दोन वर्षं भरलेत. मागच्या महिन्यात जुन्या आकड्यांवर हाताने काढून पाहिल्या, त्या बरोबर आहेत की नाही हे तपासून घ्यायला कुणी नव्हतं." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी पाच ओळी लिहिल्या, एक गुणांक आठवला नाही, तसं सांगितलं. ते म्हणाले, तो तक्त्यात मिळतो. आणि ते लिहायला लागले. मी थांबले. लिहू दिलं.

बाकीचं थोडक्यात. कपडे स्वच्छ, अंगाला सवयीचे. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. ऑनलाइन असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, उजेड तोंडावर, आणि लिंक अर्धा तास आधी उघडून बघा. "तुमचा दोष काय" याला "मी फारच परफेक्शनिस्ट आहे" हे उत्तर मी पॅनेलवर इतक्यांदा ऐकलंय की हात आपोआप थांबतो. खरा, पण कामाच्या मुळावर न येणारा दोष सांगा आणि त्यावर काय करताय तेही. आधीच्या साहेबांबद्दल तक्रार नको. माझी तक्रार रास्त होती, ओव्हरटाइम बुडवला होता, तरी ती सांगितल्यावर खोलीतली हवा बदलली ते मला जाणवलं होतं.

पगाराचा आकडा विचारला तर आधी त्या कामाला साधारण किती मिळतं हे दोन-तीन ठिकाणी विचारून ठेवलेलं असावं. आकडा सांगा आणि गप्प बसा. मी सांगून लगेच "पण थोडं कमीही चालेल" म्हटलं होतं. त्यांनी ते चालवून घेतलं.

"तुम्हाला काही विचारायचंय?" याला "नाही" म्हणू नका. माझे दोन ठरलेले प्रश्न होते. ही जागा नवीन आहे की कुणी सोडली म्हणून रिकामी झाली? आणि सहा महिन्यांनी मी नीट काम करतेय हे तुम्ही कशावरून ठरवाल? दुसऱ्या प्रश्नावर एका ठिकाणी दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली आणि एकमेकांकडे पाहिलं. ती नोकरी मिळाली नाही याचं मला फारसं दुःख झालं नाही.

निघताना निकाल कधी कळेल ते विचारून घ्या. सहाव्या ठिकाणी आठवड्यात कळवतो म्हणाले होते. दहाव्या दिवशी मी दोन ओळींची मेल टाकली, उत्तर नाही. चौदाव्या दिवशी फोन वाजला तेव्हा मी सातव्या जाहिरातीवर पेन्सिल फिरवत होते.