जुन्या फॉन्टांतील मराठी मजकूर युनिकोडमध्ये कसा आणावा आणि पुढे कसा सांभाळावा

साधारण १९९० पासून पुढची वीस वर्षे छापखाने, नियतकालिके, शाळा, पतसंस्था आणि घरी बसून लिहिणारे असंख्य लेखक यांनी संगणकावर जे मराठी टंकलेखन केले, त्याचा बराचसा भाग श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, किरण किंवा सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेच्या आयएसएम संचातील योगेश, सुरेख अशा फॉन्टांमध्ये अडकून पडलेला आहे. हा मजकूर नष्ट झालेला नाही, परंतु ज्या संगणकावर तो विशिष्ट फॉन्ट नाही तेथे तो निरर्थक इंग्रजी अक्षरांच्या रूपात उमटतो, शोधयंत्राला तो सापडत नाही आणि मोबाइलवर तो वाचताच येत नाही. गेली अनेक वर्षे संगणक वापरत असताना माझे एक मत पक्के झाले आहे की, जो मजकूर उघडण्यासाठी एखाद्या विशिष्ट कंपनीच्या प्रणालीवर किंवा सेवेवर अवलंबून राहावे लागते, तो मजकूर खऱ्या अर्थाने आपल्या ताब्यात नसतो. ज्यांच्याकडे असा मजकूर आहे त्यांनी मूळ फॉन्ट आणि तो वाचणारी प्रणाली उपलब्ध आहे तोपर्यंतच हे काम हाती घ्यावे, कारण फॉन्ट हरवल्यानंतर हेच काम कितीतरी पटींनी अवघड होते.

अडचण नेमकी कोठे आहे हे समजले तर पुढील सर्व पायऱ्या सोप्या होतात. या जुन्या फॉन्टांत संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षर नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असतात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, मोठा बी आणि एच या पाच इंग्रजी अक्षरांच्या स्वरूपात साठवला जातो. शिवाय अक्षरे ज्या क्रमाने डोळ्यांना दिसतात त्याच क्रमाने ती साठवली जातात, म्हणून ‘कि’ लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी येते आणि मग क येतो, तर ‘सर्व’ या शब्दात आधी स, मग व आणि सर्वांत शेवटी रफार असतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिपींच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकात, हा क्रम उच्चाराचा असतो. त्यामुळे परिवर्तन म्हणजे केवळ एका चिन्हाच्या जागी दुसरे चिन्ह ठेवणे नव्हे, तर वेलांटी आणि रफार उचलून योग्य ठिकाणी नेणे होय, आणि बहुतेक चुका येथेच होतात. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या इस्की या मानकात साठवण उच्चारक्रमानेच होती आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच पूर्वीच्या आवृत्तीवर आधारलेली आहे. म्हणूनच एखाद्या कार्यालयाची जुनी माहिती इस्कीमध्ये असेल तर तिचे परिवर्तन जवळजवळ निर्दोष होते.

सर्वप्रथम मूळ फायलींची प्रत काढावी आणि त्यानंतर मूळ माध्यमाला हात लावू नये. साडेतीन इंची फ्लॉपी वाचणारे यूएसबी यंत्र अजून मिळते; फ्लॉपी मागील बाजूची खिडकी सरकवून लेखनबंद करावी आणि मगच यंत्रात घालावी. सीडी वाचताना अडखळत असेल तर ती पुन्हा पुन्हा फिरवत बसण्याऐवजी लिनक्सवरील डीडीरेस्क्यू ही मोफत आज्ञावली वापरावी, कारण ती आधी सुस्थितीतील भाग उचलते आणि खराब भागाकडे नंतर वळते. फायलींबरोबर त्या संगणकावरील फॉन्टांच्या फायलीही जपून ठेवाव्यात. त्या वेळच्या अनेक छापखान्यांत टाइप-१ प्रकारचे फॉन्ट वापरले जात असत आणि अडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या प्रणालींमध्ये त्यांचा आधार काढून घेण्यास सुरुवात केली. त्यामुळे अशा फॉन्टांवर अवलंबून असलेली पाने उघडू शकणारा जुना संगणक घरात किंवा कार्यालयात असेल तर तो इतक्यात मोडीत काढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्यानंतर फाइल उघडून फॉन्टचे नाव अचूक टिपावे. केवळ ‘श्रीलिपी’ किंवा ‘आयएसएम’ एवढी माहिती पुरत नाही, कारण एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मालिकांमध्ये अक्षरांच्या जागा वेगवेगळ्या असतात. सी-डॅकच्या फॉन्टांच्या नावात सुरुवातीला डीव्ही आहे की डीव्हीबी, यानेही फरक पडतो. फाइल पेजमेकर या पाने जुळवण्याच्या जुन्या प्रणालीची असेल तर निराश होण्याचे कारण नाही. पेजमेकरची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली, परंतु लिबरऑफिस ही मोफत प्रणाली पेजमेकरच्या पुष्कळ फायली उघडू शकते आणि तेथून मजकूर उचलता येतो. जुन्या वर्ड फायलींसाठीही मी लिबरऑफिसच सुचवीन.

मजकूर उचलण्यापूर्वी एक काम न विसरता करावे, ते म्हणजे वर्ड किंवा लिबरऑफिसमधील आपोआप दुरुस्तीची सोय पूर्णपणे बंद करावी. ही सोय वाक्याच्या आरंभीचे इंग्रजी अक्षर मोठे करते आणि सरळ अवतरणचिन्हांना वळणदार करते. कृतिदेवमध्ये लहान डी म्हणजे क आणि मोठा डी म्हणजे अर्धा क, तर अवतरणचिन्हांच्या जागी अर्धा श आणि अर्धा ष बसवलेले आहेत. स्वल्पविरामाच्या जागी ए आणि अर्धविरामाच्या जागी य आहे. प्रणालीने केलेल्या या ‘सुधारणे’मुळे शेकडो शब्द बिघडतात आणि दोष मात्र परिवर्तकाला, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनाला, दिला जातो.

परिवर्तक म्हणून महाजालावर अनेक पाने मोफत उपलब्ध आहेत. त्यांपैकी जी पाने सर्व काम आपल्याच ब्राउझरमध्ये करतात ती निवडावीत. हे ओळखण्याची पद्धत सोपी आहे: पान पूर्ण उघडल्यानंतर इंटरनेट बंद करावे आणि थोडासा मजकूर बदलून पाहावा, तरीही परिवर्तन झाले तर आपला मजकूर दुसऱ्या कोणाच्या संगणकाकडे जात नाही असे समजण्यास हरकत नाही. सभासदांच्या याद्या, न्यायालयीन कागद, रुग्णांच्या नोंदी किंवा खासगी पत्रे यांसाठी ही चाचणी अनिवार्य समजावी. संपूर्ण पुस्तक एकदम न टाकता प्रथम दोन-तीन पाने बदलावीत, आणि ती निवडताना जोडाक्षरे, अंक, कंस व अवतरणे भरपूर असलेली पाने निवडावीत. मजकुरात इंग्रजी शब्द मिसळलेले असतील तर ते आधी वेगळे काढणे आवश्यक आहे, अन्यथा परिवर्तक त्यांचेही मराठी करून टाकतो. लिबरऑफिसच्या ‘शोधा आणि बदला’ या सोयीत फॉन्टनुसार शोध घेता येतो, त्याचा येथे चांगला उपयोग होतो.

आता तपासणी. मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते आणि नेमकी तीच बहुतेक लोक टाळतात, कारण बदललेला मजकूर वरवर पाहता सुबक दिसतो. प्रथम रफाराचे शब्द पाहावेत: ‘कार्यकर्त्यांनी’, ‘वर्षानुवर्षे’, ‘पूर्वार्ध’. मग वेलांटीबरोबर जोडाक्षर आलेले शब्द पाहावेत: ‘स्थिती’, ‘व्यक्ती’, ‘विश्वस्तांनी’, ‘अस्मिता’. त्यानंतर मराठीची खास अक्षरे पाहावीत, कारण अनेक परिवर्तके हिंदी डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेली असतात आणि त्यांच्या हातून ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’ यांतील अर्धा ऱ हमखास बिघडतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत केवढे अंतर आहे हे मराठी वाचकाला सांगायला नको.

या अर्ध्या ऱ बाबत आणखी एक बारकावा आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिला जातो: एक म्हणजे नुक्ता (खालचे टिंब) असलेला ऱ आणि त्याला हलन्त (पाय मोडण्याची खूण), आणि दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचे जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच उमटतात, परंतु शोध घेताना एका पद्धतीने लिहिलेला ‘वऱ्हाड’ दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास बहुधा सापडत नाही. ‘ॲ’ची स्थितीही अशीच आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्यापूर्वी लोक अ वर अर्धचंद्र देऊन काम भागवत असत आणि आजही अनेक कळफलकांतून तेच उमटते. म्हणून संपूर्ण मजकुरात एकच पद्धत ठरवावी, म्हणजे नुक्ता असलेला ऱ आणि स्वतंत्र ॲ, आणि ‘शोधा आणि बदला’ वापरून सर्वत्र तीच करून घ्यावी. एखाद्या ग्रंथालयाची सूची किंवा शब्दकोश तयार करणाऱ्यांनी याकडे दुर्लक्ष केले तर नोंद असूनही ती वाचकाला मिळणार नाही.

परिवर्तक सापडलाच नाही, किंवा फाइल गेली आणि केवळ छापील प्रत उरली, तर अक्षरओळखीचा मार्ग राहतो. टेसरॅक्ट या मोफत आज्ञावलीत मराठीची सोय आहे आणि गूगल ड्राइव्हवरही प्रतिमेतून मजकूर काढता येतो. पान ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) किंवा त्याहून अधिक सूक्ष्मतेने स्कॅन करावे आणि सरळ ठेवावे. निकाल स्वच्छ छपाईवर बराच चांगला येतो, परंतु आकडे, तारखा आणि व्यक्तींची नावे यांची माणसाने मुळाशी ताडणी केल्याशिवाय तो मजकूर कोठेही वापरू नये.

नवे टंकलेखन कोणत्या पद्धतीने करावे, याबाबत माझे मत स्पष्ट आहे: ज्यांना रोज मराठी लिहायचे आहे त्यांनी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिपींसाठीची कळफलक-रचना शिकावी. उच्चारानुसार इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवण्याची सोय तात्पुरत्या कामाला ठीक आहे, पण तशी साधने येतात आणि जातात. गूगलचे विंडोजवर चालणारे साधन लोकप्रिय असूनही कंपनीने ते देणे थांबवले आणि ज्यांना त्याचीच सवय होती ते अडचणीत आले. इनस्क्रिप्ट विंडोज, लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइड या सर्व ठिकाणी मिळते, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला अशी तिची रचना तर्कशुद्ध आहे, आणि तीत नुक्ता असलेला ऱ थेट कळीवर आहे. फॉन्टसाठी आता पैसे खर्च करण्याचीही गरज नाही, कारण मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मुक्त’ किंवा गूगलचा ‘नोटो’ हे मुक्त परवान्याचे फॉन्ट छपाईलाही योग्य आहेत.

शुद्ध झालेला मजकूर तीन रूपांत ठेवावा. पहिले रूप साध्या मजकुराचे, यूटीएफ-८ या संकेतनात. दुसरे मांडणीसह, लिबरऑफिसच्या ओडीटी प्रकारात. आणि तिसरे पान जसे दिसायला हवे तसे, दीर्घकालीन जतनासाठी असलेल्या पीडीएफ-ए प्रकारात. एकट्या पीडीएफवर विसंबून राहू नये, कारण तीतून देवनागरी मजकूर उचलताना अक्षरांचा क्रम पुष्कळदा बिघडतो. जागेची चिंता करण्याचे कारण नाही. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे दहा लाख चिन्हांचे जाडजूड पुस्तकही सुमारे तीन मेगाबाइटमध्ये मावते. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र अनेकदा याहून मोठे असते.

फुकट मिळणाऱ्या सेवांविषयी येथे स्पष्ट बोलणे भाग आहे. जिओसिटीज २००९ मध्ये, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी आणि याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले. सूचना मिळत असतात, परंतु जुना पत्ता कोणी पाहत नाही आणि मुदत निघून जाते. गूगलच्या धोरणानुसार दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातील सामग्रीसह काढून टाकले जाऊ शकते. या सेवा वापरू नयेत असे मी म्हणत नाही. मजकूर लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी त्या उत्तम आहेत, मात्र एकमेव प्रत तेथे असता कामा नये. गूगल टेकआउट या आपली माहिती उतरवून घेण्याच्या सोयीतून पत्रे, छायाचित्रे आणि ब्लॉग वर्षातून एकदा तरी उतरवून घ्यावेत. उतरवलेली जीमेलची पत्रे एमबॉक्स या खुल्या प्रकारात येतात आणि ती थंडरबर्डसारख्या मोफत प्रणालीत आणता येतात. व्हॉट्सॲपवर कविता, वंशावळी किंवा गावाच्या इतिहासाच्या नोंदी लिहिणारे पुष्कळ जण आहेत; त्यांनी त्या संभाषणाची निर्यात करून मजकुराची फाइल घ्यावी, आणि जुनी छायाचित्रे पाठवताना ती ‘दस्तऐवज’ म्हणून पाठवावीत, अन्यथा ती आकुंचित होऊन तपशील कायमचा जातो.

प्रती किमान तीन असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी किंवा निदान दुसऱ्या घरी असावी. पेनड्राइव्ह हे माध्यम वाहतुकीचे आहे, जतनाचे नाही, कारण वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास त्यातील माहिती क्षीण होऊ शकते; साठवणीसाठी बाह्य हार्डडिस्क घ्यावी आणि वर्षातून एकदा ती जोडून काही फायली उघडून पाहाव्यात. फाइल जशीच्या तशी आहे की नाही हे तपासण्यासाठी एसएचए-२५६ ही मुद्रा, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून काढलेली अक्षर-अंकांची खूण, काढून ठेवता येते, आणि विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही आज्ञा आधीपासूनच असते. पुढल्या वर्षी तीच मुद्रा आली तर फाइल अबाधित आहे, वेगळी आली तर दुसऱ्या प्रतीवरून ती पुन्हा घ्यावी.

शेवटचे काम कागदावर करायचे आहे. कोणती डिस्क कोठे ठेवली आहे, त्यात काय आहे, ती कुलूपबंद असेल तर परवलीचा शब्द कोणाकडे आहे आणि मूळ फायली कोणत्या फॉन्टमध्ये होत्या, हे एका पानावर लिहून घरातील किंवा संस्थेतील दुसऱ्या जबाबदार व्यक्तीला द्यावे. गूगल खात्यात निष्क्रिय खात्याच्या व्यवस्थापनाची सोय आहे. तीत विश्वासातील एका माणसाचा पत्ता भरून ठेवल्यास ठरावीक काळ खाते न वापरले गेल्यानंतर त्यातील सामग्री त्या व्यक्तीला मिळू शकते. हे पान दरवर्षी डिस्क तपासण्याच्या दिवशीच वाचून दुरुस्त करावे.