कुंडीत भाजी आणि फुलं लावताय? या चुका टाळा

“पाणी वेळेवर देतो, खत घालतो, तरी झाड टिकत नाही.” गच्चीत किंवा बाल्कनीत बाग करणाऱ्या कुणाशीही बोला, हे वाक्य येतंच. अशा वेळी माझा पहिला प्रश्न असतो, मातीत बोट घालून पाहिलंत का? उत्तर बहुतेकदा ‘नाही’ असं येतं. पान पिवळं पडलं की आपण पानाकडे बघतो आणि पानावरच काहीतरी फवारतो. दुखणं मात्र मुळाशी असतं, नाहीतर जागेत किंवा लावणीच्या वेळेत. कारण न शोधता उपाय केला की आधीच आजारी असलेलं झाड आणखी खचतं. म्हणून खाली प्रत्येक ठिकाणी आधी काय तपासायचं ते सांगितलं आहे आणि मग काय करायचं ते.

सुकलं म्हणून पाणी, पाणी म्हणून आणखी सुकलं

कुंडीतली सर्वांत जास्त झाडं जास्त पाण्याने जातात. याचं कारण साधं आहे. तहानलेलं झाड मान टाकतं, तसंच मुळं कुजलेलं झाडही मान टाकतं. मुळं कुजली की माती ओली असूनही पाणी वर चढत नाही. आपल्याला वाटतं, पाणी कमी पडलं, आणि आपण आणखी एक तांब्या ओततो.

म्हणून पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कुंडी जराशी उचलून बघायची सवय लावली तर आठवडाभरात वजनावरूनच अंदाज येऊ लागतो. भर दुपारी दुधी, भोपळा, वांगी यांची पानं लोंबतात आणि संध्याकाळी आपोआप सावरतात. ती तहान नव्हे, उन्हापुरतं झाडाने अंग आवरलेलं असतं. पान सकाळीही लोंबलेलं दिसलं, तर मात्र लक्ष द्या.

माती ओली, खालची पानं पिवळी आणि कुंडीच्या भोकाशी आंबूस वास असेल तर झाड अलगद मातीसकट बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरट आणि ताठ असतं. कुजलेलं मूळ तपकिरी असतं, चिमटीत धरून ओढलं की साल सुटून हातात येते आणि आत फक्त दोरा उरतो. असा भाग कात्रीने कापून टाका, नव्या मोकळ्या मातीत झाड लावा आणि चार-पाच दिवस सावलीत ठेवा. त्या काळात खत अजिबात नको. कुंडीचं भोक मातीने बुजलं आहे का तेही तेव्हाच बघून घ्या, कारण बरेचदा सगळ्या प्रकरणाचं मूळ तेवढंच असतं.

उलट प्रकारही होतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेली कुंडी एकदा पूर्ण वाळली की वरून घातलेलं पाणी कडेकडेने खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. ताटलीत पाणी आलं म्हणून आपण समाधानी. अशी कुंडी पाण्याच्या टबात ठेवा, बुडबुडे थांबले की बाहेर काढा.

पावसाळा लागला की कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवाव्यात. मुळांसाठी ते बरं आहेच, शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. बाकीच्या महिन्यांत ताटल्या वापरत असाल तर आठवड्यातून एकदा ओतून, घासून कोरड्या करा.

शेतातली माती कुंडीत चालत नाही

गावाकडून पोतंभर काळी माती आणायची आणि तीच कुंडीत भरायची, हा मोह खूप जणांना होतो. शेतात ती माती सोन्यासारखी असते, कारण तिथे पाण्याला खोल उतरायला जागा असते. कुंडीत ती ओली झाली की फुगून चिकटते, वाळली की आकसते, भेगाळते आणि बारीक मुळं तोडते. काळी माती वापरायचीच असेल तर एक भागापेक्षा जास्त नको. तिच्यात एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट, भाताचं तूस किंवा चुरलेला पालापाचोळा मिसळा. कोकणातली लाल माती निचऱ्याला बरी, पण तिला सेंद्रिय खत सढळ हाताने लागतं. कोकोपीट फक्त ओल धरतं, त्यात पोषण जवळजवळ नसतं. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेली रोपं सुरुवातीला टवटवीत दिसतात आणि मग अडकून बसतात, ती याचमुळे.

शेणखत पूर्ण कुजलेलं आहे ना, हे हातात घेऊन बघा. चांगलं खत भुसभुशीत, गडद रंगाचं असतं आणि त्याला पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येतो. उग्र वास किंवा हाताला गरमी लागली तर ते कच्चं आहे. कच्च्या शेणखताबरोबर हुमणीच्या अळ्याही कुंडीत येतात. पांढऱ्या, जाडसर, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वाकलेल्या या अळ्या मुळं खातात. वर काहीच रोग दिसत नाही आणि धडधाकट रोप एका दिवसात कोलमडतं. अशा कुंडीवर कितीही फवारलं तरी उपयोग नाही. कुंडी वर्तमानपत्रावर उपडी करा, माती चाळा, अळ्या वेचून काढा.

शहरातल्या बागेसाठी माती विकतच घ्यायला हवी असंही नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ या शेतकऱ्यांच्या प्रयोगगटाच्या कामातून पालापाचोळा आणि काडीकचरा कुजवून जिवंत माती घरच्या घरी कशी तयार करता येते, ते दाखवून दिलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडावर गच्चीत भाज्या घेतल्या. या वाटेने जाणाऱ्यांची एकच चूक वारंवार दिसते. ते स्वयंपाकघरातला ओला कचरा नुसताच टाकत जातात. ओल्याच्या दुप्पट कोरडा पाला घाला, वास आणि चिलटं दोन्ही कमी होतात.

ऊन वर्षभर एकाच जागी नसतं

हिवाळ्यात दक्षिणेकडच्या बाल्कनीत टोमॅटो छान लागले, मग मे-जूनमध्ये तिथेच मिरची का रडते? कारण सूर्य सरकलेला असतो. पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे त्या काळात दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन जवळपास येतच नाही आणि एरवी अंधारी वाटणारी उत्तरेची बाजू थोडी उजळते. बाल्कनीत किती तास ऊन येतं हे दर दोन महिन्यांनी एकदा बघून लिहून ठेवा. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, मोगरा आणि गुलाब यांना पाच-सहा तासांचं थेट ऊन लागतं. तीन तासच मिळत असेल तर पालक, पुदिना, आळू लावा.

शेवंतीचं गणित उलटं, तिला अंधार हवा. रात्री मोठ्या होऊ लागल्या की तिला कळ्या येतात. बाल्कनीतला दिवा किंवा समोरचा रस्त्यावरचा दिवा रात्रभर तिच्यावर पडत असेल तर झाड हिरवंगार राहतं, फूल मात्र येत नाही किंवा खूप उशिरा येतं. दसरा-दिवाळी कोरडी गेलेली शेवंती फेकण्याआधी कुंडीची जागा बदलून बघा.

पेरणीतल्या घाई

कोथिंबीर उगवत नाही ही घरोघरची तक्रार. अख्खा धणा म्हणजे फळ, त्यात दोन बिया असतात. लाटण्याखाली हलकेच रगडून त्याच्या दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि मगच पेरा. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, कोथिंबिरीला आठ ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून बघणारे बरेच असतात, त्यांनी जरा दम धरावा. एप्रिल-मेच्या उन्हात ती नीट उगवत नाही, उगवली तर लगेच फुलावर जाते. तेव्हा तिच्यासाठी झटू नका, राजगिरा लावा.

झेंडू दसऱ्याला हवा असेल तर बी जुलैच्या सुरुवातीला पडायला हवं आणि रोपं महिनाअखेरीला कुंडीत जायला हवीत. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. जिवावर येतं खरं, पण त्यानेच फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात. तोरणातल्या सुकलेल्या झेंडूचं बी धरणार असाल तर पाकळीच्या टोकाशी काळी, भरलेली काडी दिसते का ते बघा. ती पांढरी, पोकळ असेल तर पेरून उपयोग नाही.

वेलाला फुलंच फुलं, फळ एकही नाही

इथे लोक खतामागून खत घालतात, खरं तर वेलाचं काहीच बिघडलेलं नसतं. दुधी, दोडका, कारलं, काकडी, भोपळा या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. आधी बरेच दिवस बहुतेक नर फुलंच येतात आणि गळतात. त्यात काळजीचं काही नाही. मादी फूल ओळखायला सोपं आहे, पाकळ्यांच्या मागे देठावर बोटाच्या पेराएवढं छोटं फळ आधीच असतं. दुधीच्या फुलामागे ती लव असलेली फिकट हिरवी बाटली स्पष्ट दिसते. ते फळ पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन झालेलं नाही. सातव्या मजल्यावर मधमाशी पोचेलच असं नाही.

मग ते काम आपण करायचं. ताजं उमललेलं नर फूल तोडून पाकळ्या सोलायच्या आणि मधला परागांचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवायचा. यातली खरी गोम वेळेत आहे. भोपळा, काकडी, कारलं, घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात, ती कामं सकाळी लवकर उरका. दुधी आणि दोडक्याची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात. दुधीवर सकाळी नऊला ब्रश फिरवणाऱ्याला यश का येत नाही, ते यावरून लक्षात येईल.

पान वाकडं झालं, फवारा काय?

मिरचीचा चुरडा-मुरडा दिसला की दुकानातून मिळेल ते औषध आणलं जातं. आधी पान कुठल्या दिशेला वळलंय ते बघा. कडा वरच्या बाजूला होडीसारख्या वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळून पान निमुळतं झालं असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, रस शोषणारी माइट ही कीड). शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, फुलकिडे बारीक पिवळट रेघांसारखे पळताना दिसतात. कोळी इतका बारीक असतो की भिंगाशिवाय दिसत नाही. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडून जाळी झाली तर तो हळद्या, विषाणूचा रोग. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि त्याला औषध नाही. झाड उपटून टाका, बाकीच्या झाडांजवळ पिवळे चिकट सापळे लावा आणि पुढच्या वेळी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका यांसारखं रोगाला दाद न देणारं वाण निवडा. पूर्ण हमी त्यांचीही नाही, पण फरक पडतो.

जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण आणि शेवंती-चवळीवरचा मावा यांच्यासाठी आधी पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. मुंग्यांची रांग दिसली तर तिचाही बंदोबस्त करा, कारण या किडींच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्यांना सांभाळतात. मग एक लिटर पाण्यात आधी साबणाचे थेंब, त्यावर पाच मिलि निंबोळी तेल नीट घुसळून फवारा, तेही संध्याकाळी. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात आणि औषधाचा असरही उन्हाने लवकर जातो. मावा असलेल्या फांदीवर ढालकिडे (लेडीबग) दिसले तर फवारणी थांबवा, ते तुमचंच काम करत असतात.

खताचा अतिरेक

मोगरा नुसताच पानांनी भरलाय, टोमॅटो छातीएवढा वाढलाय आणि फूल नाही, याचा अर्थ बहुतेकदा नत्र (नायट्रोजन) जास्त झालंय. युरियाचा चमचा बंद करा. मोगऱ्याची हिवाळ्यात छाटणी करा, पूर्ण उन्हात ठेवा, फुलं फेब्रुवारी-मार्चपासून येतील. टोमॅटोच्या बुडाशी काळा, दबलेला डाग पडला की लोक अंड्याची टरफलं टाकतात. टरफलं विरघळायला फार वेळ घेतात. कुंडीत हा डाग बहुतेकदा अनियमित पाण्याने पडतो, कारण मातीतलं कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत जातं. दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी पूर, हे थांबवा आणि मातीवर पाल्याचं आच्छादन घाला.

गुलाबाचं कलम जिथे बांधलंय त्या गाठीच्या खालून जोमदार फुटवा आला तर कौतुक करू नका, मुळाशी जाऊन काढून टाका. तो खालच्या रानटी झाडाचा असतो आणि वरच्या गुलाबाचं सगळं खाऊन टाकतो.

गच्चीचं वजन आणि जुनी माती

गच्चीवर चार बाय चार फुटांचा, एक फूट खोल मातीचा वाफा पावसात भिजला की सातशे किलोच्या घरात जातो. असे वाफे स्लॅबच्या मधोमध नकोत, तुळई किंवा भिंतीच्या रेषेवर घ्या, पाल्याचं प्रमाण वाढवून हलके ठेवा आणि मोठी बाग करणार असाल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

हंगाम संपल्यावर झाड उपटाल तेव्हा मुळं नक्की बघा. टोमॅटो, भेंडी किंवा वांग्याच्या मुळांवर गाठीच गाठी असतील तर ती सूत्रकृमींची, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांची, खूण आहे. चवळी-गवारीच्या मुळांवरच्या गाठी मात्र चांगल्या, त्या नखाने सहज सुटतात. सूत्रकृमीवाली माती एप्रिलमध्ये ओली करा, प्लॅस्टिकवर पातळ पसरा, वरून पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट झाका आणि चार ते सहा आठवडे कडक उन्हात ठेवा. मग एक भाग नवं खत मिसळा. जूनमध्ये त्या मातीत झेंडू किंवा मका लावा. टोमॅटो, वांगी, मिरची एकाच घराण्यातली, ती पुढच्या हंगामात दुसऱ्या कुंडीत जाऊ द्या.