पद्मिनीच्या काचेचं रबर

बाबांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी गाडी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. गेल्या पावसाळ्यात पुढच्या काचेखालून पाणी झिरपून पायाखालची मॅट भिजायला लागली. काचेचं रबर कडक होऊन कोपऱ्यांत तडकलं होतं. सिलिकॉन भरून बघितलं, महिनाभर टिकलं. तुम्ही तसं करू नका, ते खरवडून काढताना जीव जातो.

जुनं रबर ब्लेडने कापलं, काच दोघांनी मिळून उचलली. खाली पत्र्याच्या कडेला गंज! तो घासून रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) मारला, वर रंग, आणि दोन दिवस नीट वाळू दिला. ही पायरी टाळली तर नवं रबरही वाया.

नवं रबर आधी काचेला बसवलं. मग त्याच्या बाहेरच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवली, साबणाचं पाणी लावलं आणि काच जागेवर टेकवली. मी आतून दोरी हळूहळू ओढत गेलो, भाऊ बाहेरून तळहाताने दाबत राहिला. रबराचा ओठ, म्हणजे आतली कड, पत्र्यावर चढताना जो आवाज येतो ना, फार समाधान देतो! रबरावरची चकचकीत पट्टी शेवटी, लाकडी पट्टीने दाबून. स्क्रूड्रायव्हर अजिबात नको, रबर फाटतं.

पाइपने पाणी मारलं. मॅट कोरडी.