कॉम्प्रेसर बदलणं सोपं, ओलावा आणि चुरा बाहेर ठेवणं कठीण

माझ्या गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) मी पहिल्यांदा घरी बदलला, तेव्हा काम एका रविवारात उरकलं होतं. चार बोल्ट, दोन पाइप, एक कनेक्टर, एक बेल्ट. गाडीत पुन्हा गारवा आला आणि मला वाटलं, झालं. चार महिन्यांनी तीच घरघर परत सुरू झाली. उघडून पाहिलं तर नव्या कॉम्प्रेसरमधून निघालेलं तेल राखाडी होतं, आणि बोटांत चोळलं की त्यात चंदेरी कण चमकत होते. त्या कॉम्प्रेसरमध्ये काही खोट नव्हती. आधीचा बिघडताना त्याने जो धातूचा चुरा पाइपांत आणि कंडेन्सरमध्ये (गॅस थंड करणाऱ्या जाळीत) ढकलला होता, तो मी तसाच आत राहू दिला होता आणि वर ओलावा शोषणारा ड्रायरही जुनाच परत जोडला होता. नव्याने तो चुरा गिळला. दुसऱ्यांदा मी सगळं नीट केलं. त्या कॉम्प्रेसरला आता तिसरं वर्ष चालू आहे. खाली लिहिलंय ते त्या दुसऱ्या वेळचं.

आधी खात्री करा की दोष कॉम्प्रेसरचाच आहे. इंजिन चालू ठेवून एसी लावा आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाशी नीट पाहा, हात आणि सैल कपडे बेल्टपासून लांब ठेवून. पुली फिरतेय पण पुढची क्लचची चकती (विजेने पुलीला चिकटून कॉम्प्रेसर फिरवणारी) स्थिर आहे, तर क्लचला वीज पोचत नसेल: फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, किंवा गॅसच इतका कमी की स्विच मुद्दाम क्लच लागू देत नाही. वीज पोचतेय आणि तरी चकती ओढली जात नाही, तर इंजिन बंद करून कॉइलचा रोध मोजा. बहुतेक गाड्यांत तो ३ ते ५ ओहमच्या आसपास येतो. मीटरवर आकडाच न येता 'OL' (अनंत रोध) दिसलं तर कॉइल तुटलेली आहे. चकती आणि पुली यांच्यातली फटही फिलर गेजने पाहा. साधारण ०.३ ते ०.६ मिमी असायला हवी. झिजून ती वाढली की गाडी तापल्यावर क्लच लागत नाही. अशा वेळी आतली एक पातळ शिम (वॉशरसारखी पट्टी) काढली की काम भागतं. एवढ्यासाठी आख्खा कॉम्प्रेसर बदलला जाताना मी पाहिलाय आणि मला फार वाईट वाटलं होतं.

एसी बंद असतानाही आवाज येतो? मग बहुधा पुलीचं बेअरिंग गेलंय. ते गॅसला हात न लावता बदलता येतं. एसी लावल्यावरच आतून खडखड येते, किंवा कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूला तेलकट धुळीचा थर बसलाय (म्हणजे शाफ्टचं सील गळतंय), तर पुढे वाचा. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, पुली कायम फिरते आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह क्षमता कमी-जास्त करतो. तिथे चकती पाहून काही कळणार नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल आणि कॉम्प्रेसरला नारिंगी केबल येत असेल, तर इथेच थांबा. तो उच्च दाबाचा विद्युतप्रवाह आहे, आणि त्याचं तेलही वेगळं, वीज न वाहणारं असतं. ते काम प्रशिक्षित माणसाचं.

आता गॅस. पाइप सैल करून तो हवेत सोडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. आर-१३४ए हा एसीतला गॅस उणे २६ अंशांना उकळतो. त्याचा द्रव बोटांवर किंवा डोळ्यांत उडाला तर तिथली कातडी गोठते. शिवाय तो हवेत गेला की कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो, म्हणूनच अनेक देशांत तो मोकळा सोडणं गुन्हा आहे. नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ त्या बाबतीत बरा, पण तो थोडाफार पेट घेणारा आहे. बॉनेटखालच्या लेबलावर कोणता गॅस आणि किती ग्रॅम ते छापलेलं असतं. गाडी एसीच्या गॅरेजमध्ये न्या, मशीनने गॅस काढून घ्यायला सांगा, आणि किती ग्रॅम निघाला ते लिहून घ्या. माझ्या लेबलावर ४५० ग्रॅम होतं, निघाला १७०. बाकीचा कुठून तरी गेला होता. ती गळती शोधल्याशिवाय नवा कॉम्प्रेसर लावण्यात अर्थ नव्हता, आणि ती शाफ्टच्या सीलमध्येच सापडली म्हणून बरं.

सुटा भाग मागवताना फोटोवर भरवसा ठेवू नका. जुन्याचा नंबर, पुलीवरच्या खाचांची संख्या, कनेक्टरचा आकार आणि पाइप जोडायच्या तोंडांची जागा ताडून घ्या. सोबत नवा ड्रायर, ओ-रिंगांचा (सांध्यांतल्या रबरी कड्यांचा) संच आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मापून सोडणारा) आणा. ड्रायरवर पैसे वाचवू नका. आतले ओलावा शोषणारे दाणे एकदा हवेला लागले की काही वेळात भरून जातात.

उतरवायचं काम थोडक्यात. बॅटरीची ऋण तार काढा. बेल्ट कोणत्या पुलीवरून कसा जातो त्याचा फोटो घ्या, मग टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) पान्याने ओढून बेल्ट सोडवा. कॉम्प्रेसर बहुधा खालून हाताशी येतो. गाडीखाली जायचं तर स्टँड लावूनच, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही. पाइपांचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जाम झालेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि जोर न करता थोडं सोडा, थोडं परत आवळा, असं करत काढा. आटे गेले तर पाइपच बदलावा लागतो. पाइप सुटला की त्याचं तोंड लगेच झाकायचं. मी प्लास्टिकची बुचं आणि रबर बँड आधीच खिशात ठेवते. बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कॉम्प्रेसरचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवा.

यानंतरचा अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा. जुना कॉम्प्रेसर उलटा करून, शाफ्ट हाताने फिरवत, त्यातलं तेल मापाच्या ग्लासात काढा. आधी रंग पाहा. स्वच्छ किंवा हलकं पिवळं असेल तर चुरा पसरलेला नाही; सील किंवा क्लचमुळे कॉम्प्रेसर बदलत असाल तर असंच निघतं. काळं, चिखलासारखं किंवा चंदेरी असेल तर नुकसान पुढे पोचलंय. पांढऱ्या कापडावर दोन थेंब टाकून उन्हात पाहिलं की खात्री पटते. मी पहिल्या वेळी हे पाहिलंच नव्हतं.

चुरा निघाला तर पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लशिंगच्या द्रावणाने धुवा आणि कोरड्या नायट्रोजनने पूर्ण सुकवा. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि ड्रायर धुवायचे नसतात, बदलायचे असतात. कंडेन्सरही. हल्लीच्या कंडेन्सरमध्ये केसासारख्या बारीक समांतर वाटा असतात. द्रावण मोकळ्या वाटांनी निघून जातं आणि तुंबलेल्या तशाच राहतात. खालून स्वच्छ द्रावण आलं म्हणजे कंडेन्सर स्वच्छ झाला, असं समजू नका. मला हा खर्च जड गेला, पण तिसरा कॉम्प्रेसर घेण्यापेक्षा तो बरा होता.

मग तेलाचं माप. नवा कॉम्प्रेसर पुष्कळदा आख्ख्या यंत्रणेला पुरेल इतकं तेल भरूनच येतो. माझ्या जुन्यातून पहिल्या वेळी ५० मिली निघालं होतं आणि नव्यात १२० मिली होतं. काहीही न धुता ते तसंच लावलं असतं, तर जुन्या पाइपांत राहिलेलं आणि नवं मिळून तेल जास्त झालं असतं, गारवा कमी झाला असता. म्हणून नव्यातलंही ओतून मोजायचं, आणि जुन्यातून जेवढं निघालं तेवढंच परत घालायचं. नवा ड्रायर किंवा कंडेन्सर लावला तर त्याच्यासाठी किती वाढवायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. सगळं धुतलं असेल तर पूर्ण माप घाला. तेलाची जात लेबलवर लिहिलेलीच हवी: पॅग (कॉम्प्रेसरचं कृत्रिम तेल) ४६, पॅग १०० किंवा जे असेल ते. पॅग तेल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे उघडी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

बसवताना प्रत्येक ओ-रिंगला कॉम्प्रेसरच्या तेलाचं बोट लावा. जुनी रिंग पाइपच्या टोकाला चिकटून बसलेली असते आणि दिसत नाही. तिच्यावर दुसरी बसली की गळती ठरलेली. नखाने चाचपून पाहा. बोल्ट आधी हाताने आटे धरेपर्यंत फिरवायचे, मग टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. ड्रायर सगळ्यात शेवटी, त्याची बुचं ऐनवेळी काढून. बेल्ट चढवण्याआधी क्लचची चकती हाताने दहा-बारा वेळा फिरवा, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेलं तेल बाजूला होईल. तेल दाबलं जात नाही; पहिल्याच फटक्यात व्हॉल्व्हची पात मोडू शकते.

आता व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढणं. ते कशासाठी, हे कळलं की घाई करावीशी वाटत नाही. हवा निघून जाते तेवढ्यापुरतं ते नसतं. आत राहिलेलं पाणी उकळवून वाफेच्या रूपात ओढायचं असतं. २५ अंशांना पाणी उकळायला दाब वातावरणाच्या सुमारे तिसाव्या भागापर्यंत खाली यावा लागतो. समुद्रसपाटीला गेजवर (दाब दाखवणाऱ्या काट्यावर) ते साधारण २९ इंच (पाऱ्याचे) दिसतं. उंचावर राहत असाल तर दर ३०० मीटरला सुमारे एक इंच कमी धरा. मी पंप ४५ मिनिटं चालवते, गेजचे दोन्ही कॉक बंद करून पंप थांबवते आणि अर्धा तास काट्याकडे पाहते. त्या दुसऱ्या वेळी दहा मिनिटांत काटा दोन इंच सरकला. लेकीने विजेरी धरली आणि सक्शन पाइपची (कॉम्प्रेसरकडे गॅस आणणाऱ्या) ओ-रिंग चिमटलेली तिलाच आधी दिसली. रिंग बदलली, पंप पुन्हा पहिल्यापासून चालवला. गळती शोधण्यासाठी दाब द्यायचा झाला तर कोरडा नायट्रोजन रेग्युलेटरमधून द्या. टायरवाल्याची हवा किंवा ऑक्सिजन कधीही नाही.

पंप नसेल तर व्हॅक्यूम आणि गॅस दोन्ही गॅरेजच्या मशीनवर करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. काही देशांत तर गॅस हाताळायला परवाना लागतो. स्वतः भरणार असाल तर वजनकाट्यावर कॅन ठेवून ग्रॅमवर भरा, दाबाच्या अंदाजावर नाही. इंजिन चालू असताना फक्त कमी दाबाच्या बाजूने, कॅन उभा धरून. जास्त दाबाच्या बाजूचा कॉक या वेळी उघडला तर तो दाब उलटा कॅनमध्ये शिरतो आणि कॅन फुटतो. गळती बुजवणारं रसायन मिसळलेला कॅन घेऊ नका, ते गॅरेजच्या मशीनलाही खराब करतं.

चालू केल्यावर मी पहिली काही मिनिटं इंजिन आयडलवर ठेवून एसी थोडा लावते, थोडा बंद करते. मग आकडे पाहते. आर-१३४ए असेल तर कमी दाब बहुधा २५ ते ४० पीएसआय आणि जास्त दाब १५० ते २५० असतो, बाहेर ऊन जितकं तितका वरचा. जास्त दाब त्याहून चढतच राहिला तर आधी कंडेन्सरचा पंखा फिरतोय का ते पाहा, मग गॅस जादा झाला किंवा आत हवा राहिली का याचा विचार करा.

शेवटी सर्व्हिस पोर्टवरच्या (गॅस भरायच्या तोंडांवरच्या) प्लास्टिकच्या टोप्या शोधून परत लावा. आत रबराची चकती असलेल्याच हव्यात. पोर्टचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षांत थोडा थोडा झिरपतो आणि तो गॅस ही टोपीच अडवते.