‘लोक आले की बसेल’: कॉयरच्या परदेश दौऱ्यासाठी जागा बघताना

आमच्या कॉयरच्या, म्हणजे समूहगायनाच्या गटाच्या, दौऱ्याआधी जागा बघायला मी एकटा पुढे गेलो. त्या पहिल्या रेकीत मी चार दिवसांत अकरा जागा पाहिल्या आणि त्यातली नेमकी चुकीची निवडली. ते चर्च अजून डोळ्यांसमोर आहे. दगडी कमानी, उंच छत, रंगीत काचांतून खाली उतरलेलं दुपारचं ऊन, आत चिटपाखरू नाही. आमच्या कार्यक्रमातली एक संथ ओळ मी आधी गुणगुणलो, मग मोकळ्या गळ्याने गायलो. मी थांबलो तरी माझा सूर वर कुठेतरी रेंगाळत राहिला. मी बेसमध्ये, म्हणजे पुरुषांच्या खालच्या आवाजांत, मागच्या रांगेत उभा राहणारा माणूस. एकट्याने गायला मला कुणी सांगत नाही आणि ते योग्यच आहे. पण त्या दुपारी मला वाटलं, आपण बरे गातो की! तिथेच घात झाला.

चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या गृहस्थांना मी भीत भीत विचारलं, घुमारा जरा जास्त नाही का? ते हसून म्हणाले, लोक आले की बसेल. रात्री मी कॉयरचं संचालन करणाऱ्या आमच्या कंडक्टर सरांना फोनवर तेच सांगितलं. “तुम्ही स्वतः ऐकलंत ना? मग झालं,” सर म्हणाले. झालं खरंच.

ज्याला कॉयरने ‘तुम्ही जाऊन बघून या’ म्हणून पुढे ढकललंय, अशा माणसासाठी हे लिहितोय. व्हिसा, विमा, तिकिटं, राहायची सोय या गोष्टी तुम्हाला जमतात म्हणूनच तुम्हाला पाठवतायत, तेव्हा त्यात शिरत नाही.

तर आमच्या कार्यक्रमाला ६०० जणांच्या बाकांवर ६० माणसं आली. घुमारा काही बसला नाही. बसले ते आमचे आवाज. शेजारच्याचं ऐकू येईना म्हणून प्रत्येक जण जोर लावत गेला. टेनरवाले, म्हणजे पुरुषांचे वरचे आवाज, मागच्या भिंतीवरून परत येणारा आवाज खरा धरून गायला लागले. ती भिंत आमच्यापासून ४० मीटर दूर होती. म्हणजे आवाज ८० मीटर फिरून परत येणार, त्याला लागतो जवळजवळ पाव सेकंद. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पाव सेकंद म्हणजे अर्धी मात्रा! सहा महिने घासून बसवलेलं चार आवाजांचं द्रुत गाणं होतं. त्यात सोप्रानो, म्हणजे बायकांचे वरचे आवाज, दुसऱ्या ओळीवर पोचल्या तरी पहिली ओळ छताखाली लोंबकळतच होती. सरांनी लय उतरवली, ती गाणाऱ्यांनी ऐकली नाही. परतीच्या विमानतळापर्यंत बायकांच्या खालच्या आवाजांत गाणाऱ्या एक आल्टोताई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

आता हा सापळा नीट समजून घ्या. इथे मी जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण बाकी सगळ्या चुका जागेवर निस्तरता येतात, ही येत नाही.

‘लोक आले की बसेल’ हे वाक्य खोटं नाही. ते अर्धवट आहे. हार्वर्डमधलं एक नवं व्याख्यानगृह इतकं घुमायचं की वक्त्याचं बोलणंच कळेना. १८९५ मध्ये वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते दुखणं आलं. त्याने रात्री-रात्री जागून दुसऱ्या नाट्यगृहातल्या गाद्या तिथे वाहून आणल्या, एकेक वाढवत गेला आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत बसला. त्यातून जे सूत्र निघालं ते आपल्या कामाचं आहे. जागेचं आकारमान घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि आतल्या सगळ्या गोष्टी मिळून जेवढा आवाज शोषतात त्या चौरस मीटरच्या आकड्याने भागा. येतात ते घुमाऱ्याचे सेकंद, म्हणजे आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ. बाकावर बसलेलं एक माणूस ढोबळमानाने अर्धा चौरस मीटर शोषतं.

माझ्या चर्चचा हिशेब करून बघू. आकारमान १२,००० घनमीटर धरा, रिकाम्यातला घुमारा ६ सेकंद. म्हणजे दगड, लाकूड, काचा मिळून ३२२ चौरस मीटरएवढं शोषण. ६०० माणसं आली असती तर त्यात ३०० ची भर पडून घुमारा ३.१ सेकंदांवर आला असता, निम्म्यावर. ६० माणसांनी भर घातली ३० ची. घुमारा झाला ५.५. म्हणजे ६० माणसं येऊन अर्धा सेकंद कमी झाला. किल्लीवाले गृहस्थ भरलेल्या चर्चबद्दल बोलत होते, कारण त्यांनी ते सणासुदीला भरलेलं पाहिलं होतं. परक्या गावात कुणी नाव न ऐकलेलं हौशी कॉयर ते चर्च भरत नाही. हे स्वतःशी कबूल करायला मला एक अख्खा दौरा लागला.

म्हणून जागेला विचारायचा पहिला प्रश्न ‘किती लोक मावतात’ हा नाहीच. मागच्या दोन-तीन पाहुण्या कॉयरना किती लोक आले, हे विचारा. उत्तर ‘बरेच’ असं आलं तर आकडा मागा. मग तेवढीच माणसं बसलीत असं धरून हिशेब करा.

जागेवर टाळी वाजवून बघायची रीत आहे. वाजवा, पण तिच्यावर विसंबू नका, आणि एकट्याने संथ ओळ तर मुळीच गाऊ नका. जास्त घुमणाऱ्या जागेत एकटा माणूस नेहमी छानच वाटतो, न्हाणीघरात वाटतो तसा. मी आता तालमीच्या खोलीत आमच्याच कॉयरचं ध्वनिमुद्रण करून नेतो, जितकं कोरडं तितकं चांगलं. कार्यक्रमातलं सगळ्यात द्रुत, सगळ्यात गुंतागुंतीचं गाणं निवडतो. कॉयर जिथे उभं राहणार तिथे छोटा स्पीकर ठेवून ते वाजवतो, मग पहिल्या रांगेत, मधे, खांबामागे आणि शेवटच्या बाकावर बसून शब्द कळतात का बघतो. फोनवर तिथलं रेकॉर्डिंग घेतलंत तर पातळी आपोआप सांभाळणारी सोय आधी बंद करा. ती विरत चाललेला आवाज वर उचलते आणि खरं काही कळत नाही.

इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून जागा ठरवणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्यातले माइक बहुधा गाणाऱ्यांच्या तोंडासमोर असतात. तुम्ही ऐकता ते तीन मीटरवरचं चर्च; तुमचे श्रोते बसणार तीस मीटरवर. दौरे आखून देणाऱ्या मंडळींचं तयार पॅकेज हा दुसरा आडमार्ग. त्यात ‘ऐतिहासिक कॅथीड्रलमध्ये गायन’ असं झोकात छापलेलं असतं. फोटोला ते छानच, पण कॅथीड्रल म्हणजे काय ते आकड्यांत बघा. ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ सभागृहात भरल्यावर घुमारा २ सेकंदांच्या आसपास असतो, आणि लंडनचं रिकामं सेंट पॉल्स कॅथीड्रल १० सेकंदांच्या वर घुमतं. आणि हो, अनुभवी माणसाचा सल्ला जरूर घ्या, पण ज्याचा एखादा कार्यक्रम साफ पडलाय अशाच अनुभवी माणसाचा. ज्यांचं सगळं छान झालं त्यांना ते का छान झालं हे सांगता येत नाही.

एवढं वाचून हातपाय गाळू नका. मोठी जागा गळ्यात पडलीच तरी बरंच सावरता येतं. मागची बाकं दोरी लावून बंद करा आणि सगळ्यांना पुढच्या सहा रांगांत बसवा. जवळ बसलेल्याला थेट आवाज जास्त पोचतो, घुमारा त्यामानाने कमी जाचतो. द्रुत गाणी काढून जिथे स्वरसंगती सावकाश बदलते अशी घ्या. बाजूचं छोटं चॅपल, म्हणजे लहान प्रार्थनागृह, मिळतं का विचारा. यातलं काहीच आम्ही केलं नव्हतं, कारण काही करता येतं हेच ठाऊक नव्हतं.

परवानगीचं थोडक्यात. कॅथलिक चर्चमध्ये चर्चमधल्या संगीत कार्यक्रमांविषयी व्हॅटिकनने १९८७ मध्ये काढलेलं पत्रक चालतं. परवानगी वेळेत आणि लेखी मागायची, ती बिशपच्या पातळीवरून येते, प्रवेश सगळ्यांना विनामूल्य हवा आणि गायकांनी वेदीच्या गाभ्यात उभं राहायचं नाही, असं त्यात आहे. म्हणजे वेदीपुढच्या पायऱ्यांवर तीन रांगा करायचा तुमचा बेत तिथल्या तिथे मोडू शकतो. आधी विचारा आणि टेप घेऊन पर्यायी जागा मोजा. १४ जणांच्या रांगेला साधारण आठ मीटर लागतात. प्रोटेस्टंट चर्चमध्ये बहुधा मंडळी-समिती ठरवते. दोन्हीकडे किल्ली ज्याच्याकडे तो परवानगी देणारा नसतो, आणि परवानगी देणाऱ्याकडे किल्ली नसते. दोघांचे फोन घ्या. शनिवार टाळता आला तर बरं. दुपारी लग्न, संध्याकाळी मिस्सा म्हणजे सामुदायिक उपासना, आणि तुमची तालीम त्या दोघांच्या मधल्या वीस मिनिटांत.

साथीला तिथला ऑर्गन घेणार असाल तर त्याची पट्टी आधी तपासा. सगळे ऑर्गन ४४० हर्ट्झच्या नेहमीच्या पट्टीला नसतात; जुने अर्ध्या सुराने वर किंवा खाली सापडतात. त्यातून ऑर्गन थंडीत उतरतो. २० अंशांना ४४० असलेला ऑर्गन ८ अंशांच्या चर्चमध्ये ४३१ च्या आसपास येतो. नुसत्या गाणाऱ्यांना ते खपून जातं. पण सोबत डिजिटल पियानो नेला असेल तर तो जागचा हलत नाही, आणि मग दोघांचं भांडण श्रोते ऐकतात. पियानोला पट्टी सरकवायची सोय असते, ती रेकीला जायच्या आधी शिकून घ्या.

बाकी भराभर. संध्याकाळी ज्या वेळी कार्यक्रम आहे त्याच वेळी जागा बघा. दुपारच्या उन्हात स्वरलिपी वाचता येते, दिव्यात येईलच असं नाही. स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारा, कारण जुन्या चर्चमध्ये ते नसणं नवल नाही. जुन्या गावाच्या मध्यात बस जात नाही, तेव्हा उतरल्यापासून दारापर्यंत सामान घेऊन स्वतः चालून बघा. युरोपियन संघात बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावं लागतं आणि रोज साधारणपणे ११ तासांची सलग विश्रांती लागते. रात्री अकराला हॉटेलवर पोचलात तर सकाळी दहाच्या आत निघायचं वेळापत्रक आखू नका. संगीतकाराला जाऊन ७० वर्षं झाली नसतील तर सादरीकरणाचे हक्क कोण भरणार ते लेखी ठरवा. हे हक्क जर्मनीत गेमा, फ्रान्समध्ये सासेम, इटलीत सिआए ही संस्था बघते. प्रवेश मोफत ठेवला म्हणजे यातून आपोआप सुटका होत नाही.

दुसऱ्या दौऱ्याला सरांनी पुन्हा मलाच पाठवलं. का, ते मी विचारलं नाही. या वेळी जागेआधी मी त्या गावातलं हौशी कॉयर शोधलं आणि त्यांना संयुक्त कार्यक्रमाचं विचारलं. अर्धा वेळ ते, अर्धा वेळ आम्ही, शेवटी एक गाणं मिळून. त्यांचे नवरे, बायका, शेजारी, मुलांचे शिक्षक असा श्रोतृवर्ग आपोआप आला. श्रोते मिळवायचा याहून सोपा मार्ग मला अजून सापडलेला नाही, आणि जागाही त्यांनीच सुचवली. लाकडी छताचं, जेमतेम १४० जणांचं चर्च. माझा स्पीकर दीड सेकंदात गप्प झाला. सर तालमीला आत शिरले, एकदा टाळी वाजवली आणि तोंड वाकडं करून म्हणाले, “कोरडं आहे हो.” मी म्हटलं, “सर, शब्द ऐकू येतील.” रात्री १२० माणसं होती, आणि त्या आल्टोताईंनी बाहेर पडताना माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

शेवटच्या संथ गाण्यात मात्र, सगळे आवाज अगदी हळू झालेले असताना, वर मनोऱ्यात आठाचे टोले सुरू झाले. आमच्या सुरापेक्षा साधारण अर्धा सूर खाली. टोले बंद करायची किल्ली तिसऱ्याच माणसाकडे असते.