ग्रो टेंटसाठी आधी फिल्टर ठरवा, पंखा नंतर

घरात दिव्याखाली झाडं वाढवायचा ग्रो टेंट घेतला की लोक पहिल्यांदा पंखा घेतात. खोक्यावरचा आकडा मोठा दिसला की खूश होतात आणि मग त्या पंख्याच्या तोंडाला बसेल तो वास अडवणारा कोळशाचा फिल्टर उचलतात. माझं रोजचं काम डक्टिंगचं, म्हणजे हवेच्या नळ्या बसवण्याचं आहे आणि घरी एका टेंटमध्ये टोमॅटो, मिरच्या आणि बेसिल असतं. टोमॅटोच्या पानांना नुसता हात लागला तरी वास बोटांना राहतो, माशांचं खत घातलेल्या दिवशी तर विचारूच नका. म्हणून सांगते, क्रम उलटा ठेवा. हवा किती लागणार ते आधी, मग फिल्टर, मग हवेचा रस्ता, आणि सगळ्यात शेवटी पंखा. खोक्यावरचा आकडा हा पंख्याच्या पुढेमागे काहीही जोडलेलं नसतानाचा असतो. तेवढी हवा तुमच्या टेंटमधून कधीच जाणार नाही.

हवा किती, याचा ढोबळ नियम सोपा आहे: टेंटमधली सगळी हवा मिनिटाला एकदा बदलावी. टेंट १.२ मीटर लांब, तेवढाच रुंद आणि २ मीटर उंच असेल तर आत २.८८ घनमीटर हवा मावते, म्हणजे तासाला साधारण १७३ घनमीटर. पंख्यावर सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) लिहिलं असेल तर १.७ ने गुणा, घनमीटर प्रति तास मिळतील.

या नियमात दिव्याचा विचारच नाही, आणि टेंट तापवतो तो दिवा. त्यामुळे दुसरा हिशेबही करा. आतली हवा खोलीपेक्षा किती अंश जास्त गरम चालेल ते ठरवा, त्या आकड्याला ०.३३ ने गुणा आणि दिव्याच्या वॉटना त्याने भागा. २४० वॉटचा एलईडी आणि ४ अंशांचा फरक धरला तर तासाला १८२ घनमीटर. दिवा ४०० वॉटचा असेल तर तोच आकडा ३०० च्या पुढे जातो, टेंट मात्र तेवढाच. दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, टेंटबाहेर ठेवला असेल तर त्यात जाणारे वॉट वजा करा. झाडं पाणी उडवतात त्यात थोडी उष्णता खर्च होते, म्हणून उत्तर जरा जास्तच येतं. येऊ द्या. दोन्ही हिशेबांतला मोठा आकडा धरायचा. एक मात्र लक्षात असू द्या, आत येणारी हवा खोलीतलीच असते. खोली ३२ अंशांवर असेल तर कितीही मोठा पंखा लावा, तो टेंटला थंडावा देणार नाही.

आता फिल्टर. वासाचे रेणू कोळशाच्या बारीक छिद्रांच्या भिंतींना चिकटतात. एक ग्रॅम ॲक्टिव्हेटेड कार्बनमध्ये या भिंतींचं क्षेत्रफळ शेकडो चौरस मीटर भरतं, हजाराच्या पुढेही जातं. पण चिकटायला रेणूला वेळ मिळायला हवा. हवा कोळशाच्या थरातून जाताना निदान एक दशांश सेकंद तरी आत राहावी, असं मी धरते. फिल्टर घेताना हे मोजता येतं. आतल्या जाळीचा व्यास १५० मिलिमीटर, कोळशाचा थर ५० मिलिमीटर आणि लांबी ४०० मिलिमीटर असेल तर आत साडेबारा लिटर कोळसा बसतो. तासाला ३६० घनमीटर हवा ओढली तर तिला या थरात एक अष्टमांश सेकंद मिळतो. आपल्या १८२ ला पाव सेकंद. उत्तम. याच फिल्टरला ७२० चा पंखा लावला तर ३६० ला मिळाला होता त्याच्याही निम्मा वेळ उरतो आणि वास सरळ पलीकडे जातो. मोठा पंखा घेऊनही वास का येतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

दुकानात हे गणित कोणी करू देत नाही, तेव्हा फिल्टर उचलून बघा. असा कोळसा लिटरला साधारण अर्धा किलो भरतो, म्हणजे वरच्या फिल्टरमध्ये नुसता कोळसाच सहा किलोच्या आसपास हवा. त्याच मापाचा अख्खा फिल्टर हातात साडेतीन किलोचा लागला तर थर पातळ आहे, खोक्यावर काहीही छापलेलं असो. मग तो आडवा धरून कानाजवळ हलकेच हलवा. आत खडखड ऐकू आली तर कोळसा सैल भरलाय. असा फिल्टर टेंटमध्ये आडवा टांगला की दाणे हळूहळू खाली बसतात, वरच्या बाजूला लांबीभर एक पोकळ पट्टा तयार होतो आणि हवा तीच वाट धरते. नव्या फिल्टरमधून थोडी काळी भुकटी पडणं वेगळं, ती पडतेच. तो मोकळ्यावर नेऊन झटका, नाहीतर पहिल्या दिवशी पानांवर काजळी बसेल.

नारळाच्या करवंटीचा कोळसा चांगला, कारण त्याची छिद्रं बारीक असतात आणि दाणा कठीण असतो, भुगा कमी होतो. पण पातळ थरातल्या करवंटीच्या कोळशापेक्षा जाड थरातला साधा दगडी कोळशाचा ॲक्टिव्हेटेड कार्बन मी कधीही घेईन. ३८ आणि ५० मिलिमीटर असे दोन पर्याय समोर असतील तर ५० चा घ्या. फिल्टरवर त्याची जास्तीत जास्त हवा छापलेली असते. तुमचा आकडा तिच्या तीन चतुर्थांशाच्या आत राहील असं बघा.

कोळशाला दमटपणा आवडत नाही. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की छिद्रांत पाणीच जागा अडवतं. दिवे बंद झाल्यावर तापमान उतरतं आणि आर्द्रता चढते, म्हणून रात्री पंखा बंद करायचा नाही, मंद चालू ठेवायचा. आणि कोळसा म्हणजे सगळ्यावरचा इलाज नव्हे. तो ओलावा काढत नाही, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. टेंटमध्ये आळिंबी करत असाल तर तिच्या बीजकणांना अगदी बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर लागतो, ते काम कोळशाचं नाही.

रस्ता असा: टेंटच्या आत छताजवळ फिल्टर, त्याला लागून पंखा, मग डक्ट आणि बाहेर. गरम हवा वर असते म्हणून फिल्टर वर. पंख्याने फिल्टरमधून हवा ओढावी, ढकलू नये. ढकलली तर फिल्टरवरचं कापडी आवरण निकामी ठरतं आणि धूळ आतून कोळशावर बसते. लवचीक डक्ट ताणून लावा आणि उरलेला कापून टाका. सुरकुत्या पडलेला डक्ट दमेकऱ्याच्या छातीसारखा असतो, पंखा जोर लावत राहतो आणि हवा पुढे जात नाही. काटकोनात वळवण्यापेक्षा मोठा गोल बाक द्या. १५० मिलिमीटरच्या पंख्याला जागा नाही म्हणून १०० चा डक्ट जोडू नका, त्याचं तोंड निम्म्याहूनही लहान असतं.

आता पंखा, आणि तो पटकन ठरतो. मिळालेल्या आकड्याला दीडने गुणा: १८२ चे २७३. डक्ट लांब असेल किंवा वळणं दोनाहून जास्त असतील तर दुप्पट धरा. साधा पात्यांचा एग्झॉस्ट फॅन नको, फिल्टरचा अडथळा आला की तो जागच्या जागी हवा घुसळतो. सेंट्रिफ्यूगल किंवा मिक्स्ड फ्लो जातीचा इनलाइन, म्हणजे डक्टच्या रांगेतच बसणारा पंखा घ्या. पंख्यासोबत दाब आणि हवेचा आलेख मिळाला तर शून्य पास्कलवरचा आकडा सोडून द्या आणि १०० ते १५० पास्कलवर काय उरतं ते वाचा. हा आलेख जो देत नाही, त्याच्याकडून मी पंखा घेत नाही.

गरजेपेक्षा एक माप मोठा पंखा घेऊन हळू चालवणं मला पटतं. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण वीज तत्त्वतः एक अष्टमांशावर येते आणि आवाज साधारण १५ डेसिबलनी उतरतो. पंखा झोपायच्या खोलीशेजारी असेल तर हा फरक पहिल्याच रात्री कळेल. फक्त वेग कमी करायची सोय पंख्याला शोभेल अशी हवी. ईसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या मोटरला तिचाच कंट्रोलर लागतो. साध्या एसी मोटरला दिव्याचा डिमर लावलात तर ती गुणगुणते आणि तापते.

बसवून झालं की टेंटच्या भिंती किंचित आत ओढलेल्या दिसायला हव्यात. तेवढा उणा दाब असला की फटींतून वास बाहेर येत नाही, हवा आतच येते. भिंती फारच आत आल्या तर खालची जाळीची खिडकी आणखी उघडा. नुसत्या खिडकीतून हवा येत असेल तर तिचं तोंड पंख्याच्या तोंडाच्या दोन-तीन पट लागतं. फटी शोधायला खोलीत अंधार करा आणि टेंटमधला दिवा लावा. प्रकाश जिथून डोकावतो तिथे टेप मारा.

पंखा हवा घराबाहेर टाकत असेल आणि त्याच जागेत गॅसचा गीझर असेल, तर थांबा. घरातली हवा ओढली गेली की गीझरचा जळका वायू उलटा आत येऊ शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अशा जागी पंख्याइतकी ताजी हवा आत यायची वाट करा किंवा टेंटची जागा बदला.

काही महिन्यांनी वास आला तर फिल्टर संपलाय असं लगेच धरू नका. डक्टच्या बाहेरच्या तोंडाशी नाक न्या. तिथे वास नसेल आणि खोलीत असेल तर गळती आहे. तिथेच असेल तर आधी फिल्टर आणि पंख्यामधला जोड बघा, कापडी आवरण काढून धुवा, पूर्ण वाळवून परत चढवा. तरीही वास राहिला तर कोळशाची छिद्रं वासाने भरली आहेत. कोळसा उन्हात ठेवून ओलावा जातो, वासाचे रेणू जात नाहीत. कारखान्यात कोळसा पुन्हा ताजा करायला त्याला आठशे अंशांच्या आसपास तापवतात, ते घरच्या ओव्हनचं काम नाही. तेव्हा नवीनच आणा, आणि बसवायच्या आधी वजन करून तो आकडा तारखेसह मार्करने झाकणावर लिहून ठेवा.